पापासाहेबांची सलामी

तांबडे फुटले तेव्हा शिरवणकोटाचा दर्याबुरूज अजून धुक्यातच होता. खाली ओहोटीने उघडा पडलेला काळा खडक, त्यावर कालवे फोडीत बसलेल्या बायका, आणि त्यांच्यापलीकडे, खाडीच्या तोंडाशी, रात्रीतून कधी आला ते कोणाला न कळलेला एक अनोळखी मचवा. कोटावरून फिरंग्यांचे निशाण उतरून भगवे चढल्याला दोन पावसाळे लोटले होते; तरी आतले क्रुसाचे देऊळ तसेच उभे होते, घंटा तशीच वाजत होती, आणि दर्याबुरुजावरच्या तोफांना बत्ती देणारे गोलंदाजही तेच, कोटाखालच्या वाडीतले किरिस्तांव होते. कोट फत्ते झाला त्या दिवशी किल्लेदार सुभानराव चौघुले यांनी त्या गोलंदाजांना दर्यादरवाजात उभे करून मिठावर हात ठेवायला लावले होते. तुमचा देव तुमच्यापाशी, तुमच्या तोफा आमच्यापाशी, एवढाच त्या इमानाचा मजकूर होता.

हे इमान जुळवून आणले पाद्री इनास यांनी. माणूस वाडीतलाच. लॅटिन शिकलेला, उपदेशाला उभा राहिला की भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी आणणारा. पण गोऱ्या पाद्र्यांनी त्यांना जन्मभर समया लावायला आणि झगे घड्या करायला ठेवले. पुढे फिरंगी गलबतांत बसून निघून गेले, त्यांच्यामागून गोरे पाद्रीही गेले, आणि देऊळ आपसूक इनासबाबांच्या पदरात पडले. वाडीला त्यांचा अभिमान होता. त्यांना स्वतःलाही होता, आणि तो जरा जास्तच होता.

शिरवणच्या देवळात एक रीत होती. दर आदितवारी उपदेश संपला की पाद्री वेदीच्या पायरीवर येऊन लोकांच्याच भाषेत प्रार्थना सांगत. आधी रोमेतल्या पापासाहेबांकरिता, म्हणजे पोपकरिता, नाव घेऊन, आणि मग कोटाच्या धन्याकरिता. मागल्या उन्हाळ्यात पापासाहेब वारल्याची बातमी आली. मुंबईच्या इंग्रजाकडून आली, गोव्याच्या तारवांवरून आली, मिठागरातल्या मजुरांच्या तोंडूनही आली, आणि सगळीकडून एकच आली. तेव्हापासून इनासबाबा नावाच्या जागी श्वासभर थांबत आणि पुढे जात. नवे नाव येईपर्यंत जागा रिकामीच ठेवायची असते. त्या थांबण्याची वाडीला इतकी सवय झाली होती, की तेवढ्या वेळात म्हाताऱ्या बायका खोकून घेत.

मचव्यातून उतरला तो दों आल्व्हारो. जांभळा झगा, बोटात खड्याची अंगठी, बरोबर दोन नोकर. गोव्याचा यात्रेकरू पाद्री म्हणून त्याने किल्लेदाराची परवानगी घेतली. परंतु देवळाच्या मागल्या खोलीत दार लावून घेतल्यावर त्याने इनासबाबांना छातीशी धरले, आणि आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवले. गोऱ्या माणसाशेजारी खुर्चीवर बसण्याची इनासबाबांची ती आयुष्यातली पहिली वेळ. ते काठावरच टेकले.

"पाद्री इनास, रोमेत अनर्थ झाला आहे," दों आल्व्हारो फिरंगी भाषेत हलक्या आवाजाने म्हणाला. "मते विकली गेली. उद्या जो गादीवर बसेल तो तोतया असेल. धर्मनिष्ठ कार्डिनलांनी बंद दाराआड खरे पापासाहेब निवडले आहेत. त्यांचे नाव तेओदोस. त्यांची पहिली इच्छा अशी, की या किनाऱ्यावर इथल्याच मातीतला बिशप असावा. आम्ही इथवर का आलो, हे आपण समजला असाल."

इनासबाबा समजले. त्यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"मग खाडीपलीकडच्या पाद्र्यांनाही कळवतो," ते म्हणाले. "त्यांच्याही देवळात नाव घेतले जावे."

"अद्याप नाही," दों आल्व्हारो घाईने म्हणाला. "तूर्त हे नाव फक्त याच देवळात घ्यावयाचे."

खरे तर इथेच इनासबाबांना उमजायला हवे होते. वाडीच्या पोरांना ते स्वतःच शिकवीत, की पापासाहेब कोण हे ओळखायला मोठी विद्या लागत नाही; ज्याचे नाव सगळ्या देवळांत, सगळ्या बिशपांच्या तोंडी, उघड्यावर एकच घेतले जाते, तो पापासाहेब. कोपऱ्यात कानात सांगावा लागतो, तो नव्हे. पण पोरांना शिकवणे निराळे आणि बिशपची उंच टोपी डोळ्यांसमोर नाचत असताना तेच आठवणे निराळे.

मग मुद्द्याची गोष्ट निघाली. दर्यामातेच्या सणाला होड्यांच्या मिरवणुकीसाठी दर्यादरवाजा उघडतो, त्या सकाळी फिरंगी गलबते खाडीत शिरतील. गोलंदाजांनी तोफा थंड ठेवायच्या. अन्यधर्मीयाला दिलेल्या शपथेतून पापासाहेब तेओदोस त्यांना मोकळे करीत आहेत. रक्ताचा थेंब सांडणार नाही, असे दों आल्व्हारोने क्रुसावर हात ठेवून सांगितले, आणि इनासबाबांनी ते खरे मानले, कारण त्यांना ते खरे मानायचे होते.

पुढल्या आदितवारी ते पायरीवर आले. नेहमीच्या जागी थांबले नाहीत. "आमचे पापासाहेब तेओदोस यांच्याकरिता," असे खणखणीत आवाजात म्हणाले. खोकायला सरसावलेल्या बायका तशाच राहिल्या. मग साऱ्या देवळातून आनंदाची कुजबूज उठली; कोणी म्हातारा डोळे पुसू लागला. पोरकेपण सरले होते.

दुपारी गोलंदाजांचा जमादार पास्कू दाराशी आला. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा गडी. त्याची बायको रेमेद देवळाची झाडलोट करी.

"बाबा, तो गोरा सांगतो, आमचं इमान सुटलं. खरं हाय?"

"पापासाहेबांनी मोकळं केलंय, पास्कू."

"मिठावर हात ठेवलाय मी. किल्लेदारानं कवा वाकडा शब्द नाय बोलला." पास्कूने डोईचे फडके काढून हातात घेतले. "पण नाव तुमच्या तोंडून ऐकलं. आता मना काय इचारायचं नाय."

तो गेला आणि इनासबाबांना पहिल्यांदा आपलीच लाज वाटली. त्यांनी ती प्रार्थनेच्या पुस्तकात तोंड खुपसून घालवली.

सण दोन दिवसांवर आला असता सुभानराव चौघुले स्वतः देवळाच्या अंगणात आले. जोडे बाहेर काढले, मुंडासे सावरले, आणि आदबीने उभे राहिले. दों आल्व्हारो पडवीत बसला होता.

"पाद्रीबाबा, आपले नवे पोप तख्तनशीन झाल्याचे गोलंदाजांकडून कानी आले. आम्हांस फार संतोष झाला. आमच्याकडे छत्रपती सिंहासनारूढ झाले की गावोगाव द्वाही फिरते, किल्ल्याकिल्ल्यावर तोफा होतात, शत्रूच्याही मुलखात कळते की आता धनी कोण. आपल्या पोपसाहेबांच्या नावे अद्याप एकही बार निघाला नाही, हे आमच्या कोटाला शोभत नाही. सणाच्या सकाळी दर्याबुरुजावरून सलामी देण्याचा आमचा मानस आहे. आपण रुकार द्यावा."

इनासबाबांनी दों आल्व्हारोला ते भाषांतर करून सांगितले. त्याचा चेहरा पांढरा फटक पडला.

"सलामी नको," तो फिरंगीत पुटपुटला. "तोफा भरूच देऊ नका. मुंबईपर्यंत आवाज जाईल, लोक विचारतील कोणाची सलामी. काहीही सांगा."

इनासबाबांच्या मनात लखकन आले. ज्याच्या नावाने एक तोफ उडवायची सोय नाही, तो कसला पापासाहेब? जी गोष्ट त्यांना लॅटिन शिकून कळली नव्हती, ती या मुंडाशातल्या गृहस्थाने सहज, सौजन्यापोटी, पुढ्यात आणून ठेवली होती. तोतया कोण, हे आता सांगायला कोणी लागत नव्हते. लागत होते ते धैर्य, आणि ते काही जागेवर सापडेना.

"सण साधेपणाने करण्याची आमची रीत आहे, रावसाहेब," ते म्हणाले.

"आपली मर्जी," सुभानराव म्हणाले. "मग त्या दिवशी दर्यादरवाजाचा बंदोबस्तही पास्कू जमादाराकडेच देतो. आमचे शिपाई मिरवणुकीत मधे मधे नकोत. आपली माणसे आहेत, आम्हांस भरवसा आहे."

दोन दिवस इनासबाबांनी दोन्ही बाजू तोलल्या. सांगावे, तर पास्कूला आणि त्याच्या माणसांना फितुरीची सजा. न सांगावे, तर भरवसा टाकलेल्या माणसाचा गळा कापला जायचा. असे ते स्वतःला समजावत होते. खरे कारण त्यांना ठाऊक होते. सांगायचे म्हणजे भर देवळात आपण खोटे नाव घेतले, टोपीसाठी घेतले, हे वाडीसमोर कबूल करायचे होते. त्याचीच त्यांना मरणाहून जास्त धास्ती वाटत होती.

सणाची सकाळ उजाडली. बंदरात होड्या पताकांनी सजल्या होत्या, दर्यादरवाजाचा अडसर पास्कूने स्वतःच्या हातांनी काढून ठेवला होता, आणि मिरवणुकीआधीच्या प्रार्थनेला वाडी नवी वस्त्रे लेवून देवळात आली होती. गोलंदाज उजव्या बाजूला उभे होते, रिकाम्या हातांनी. मानाच्या खुर्चीत दों आल्व्हारो. उघड्या दारातून समुद्र दिसत होता, आणि समुद्रावर, भूशिराला वळसा घालून, शिडे दिसू लागली होती.

इनासबाबा पायरीवर आले. "आमच्या पापासाहेबांकरिता," ते म्हणाले, आणि थांबले. श्वासभर थांबले, मग त्याहून अधिक थांबले. खोकण्याची मुदत संपली तरी ते बोलेनात, तेव्हा लोकांनी माना वर केल्या.

"नाव नाय माझ्यापाशी," ते म्हणाले. बोलता बोलता त्यांची लॅटिन शिकलेली भाषा गळून पडली आणि आईची भाषा तोंडात आली. "मागं घेतलं ते खोटं. तेओदोस नावाचा कोण पापासायब नाय. या गोऱ्यानं मना बिशप करतो सांगितलं, आणि मी तुमच्या कानांत खोटं नाव घातलं. पास्कू, तुझं इमान कोणी नाय सोडवलं. ते मिठावर हाय तसंच हाय. ती शिडं बघा. दोष माझा हाय, तुमचा कोणाचा नाय. जा, तोफा भरा."

दों आल्व्हारो खुर्ची लाथाडून बाजूच्या दाराने पळाला. मग पास्कूने इनासबाबांकडे एकदा पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. रागावला असता तर बरे झाले असते, असे इनासबाबांना पुढे जन्मभर वाटत राहिले. "तुमी बुरुजावर," पास्कू आपल्या माणसांना म्हणाला, "दरवाजा मी उघडलाय, मीच लावतो."

सलामीला न भरलेल्या तोफा आता गोळ्याने भरायच्या होत्या, आणि त्याला वेळ लागला. तेवढ्यात फिरंग्यांची पहिली होडी दर्यादरवाजाशी भिडली. पास्कूने एकट्याने ते थोर दार खांद्याने रेटत आणले, होडीतून बंदुका कडाडल्या, आणि अंगात गोळ्या घेऊन त्याने अडसर घातला. लगेच बुरुजावरून पहिली तोफ बोलली, मग दुसरी. पुढल्या गलबताची डोलकाठी मोडून पाण्यात पडली. दिवस पुरता वर येईतो शिडे भूशिरामागे दिसेनाशी झाली. दों आल्व्हारोला खडकावरच्या कालवेवाल्या बायकांनीच धरून दिले. पास्कू दाराला टेकून बसला होता. अडसरावरून त्याचा हात सोडवावा लागला.

तिसऱ्या प्रहरी सुभानरावांनी सदर भरवली आणि कोट राखल्याबद्दल इनासबाबांसाठी शेला मागवला. तबक पुढे येताच इनासबाबा मागे सरले.

"रावसाहेब, हा शेला पास्कूचा. मी फितूर आहे. सजा तोफेच्या तोंडी देण्याची असेल तर मी तयार आहे. माझ्या माणसांनी केवळ माझे ऐकले. त्यांना अभय असावे."

सुभानरावांनी तबक बाजूला ठेववले. "आपण देवळात काय बोललात ते आम्हांस तेव्हाच कळले," ते म्हणाले. "आपल्या माणसांना अभय आहे, त्यांनी मिठाला जागून दाखवले. आपल्याला तोफेच्या तोंडी देणे सोपे आहे, आणि आपल्यालाही ते सोपे जाईल. म्हणून ते होणे नाही. आपण दर आदितवारी त्याच पायरीवर उभे राहावे. एवढीच सजा."

आणि ते उभे राहिले. समोर पहिल्या रांगेत काळ्या वस्त्रांत रेमेद बसे. ती देऊळ झाडी, समया पुसून ठेवी, इनासबाबांशी मात्र अवाक्षर बोलत नसे. नावाच्या जागी ते थांबत तेव्हा आता कोणी खोकत नसे.

हिवाळा सरता सरता सुभानराव घोड्यावरून उतरून देवळाच्या अंगणात आले. "पाद्रीबाबा, आपले पोपसाहेब गादीवर बसले. इंग्रज तेच नाव सांगतो, गोवेकर तेच सांगतो, खाडीपलीकडच्या देवळात काल तेच घेतले गेले, आणि मिठाचे व्यापारीही तेच सांगत आले. आता तरी सलामीला रुकार द्याल?"

इनासबाबांनी खाली मान घालून होकार दिला.

त्या आदितवारी ते पायरीवर आले. "आमच्या पापासाहेबांकरिता," ते म्हणाले, आणि नाव ओठांवर असूनही जीभ उचलेना. याच तोंडाने, याच जागेवरून घेतलेल्या नावाने एक माणूस मेला होता. मग पहिल्या रांगेतून रेमेद उठली, आणि कोणाकडे न पाहता, वाडीतल्या बाया विहिरीवर बोलतात तशा साध्या आवाजात, तिने ते नाव घेतले. तिच्यामागून गोलंदाजांनी घेतले, मग साऱ्या देवळाने घेतले. सगळ्यांचे घेऊन झाल्यावर इनासबाबांनी घेतले, आणि तेही जेमतेम ऐकू येईल असे. बाहेर दर्याबुरुजावर पहिली तोफ झाली.

पुढे त्यांनी तीच रीत ठेवली. शिरवणच्या देवळात पापासाहेबांचे नाव आधी मंडळी घेत आणि मागून पाद्री. त्यांच्यानंतर आलेल्या पाद्र्यांना हे विचित्र वाटे. त्यांनी कारण विचारले तर वाडीतले लोक सांगत, की आमच्यात असेच असते. पास्कूच्या घरातले मात्र त्या वेळी खाली पाहत.