सायलस क्रॅगचा नांगर

नोरा क्रॅगला समुद्राच्या पोटातून एक नांगर आणायचा होता! चोपन्न वर्षांपूर्वी हिवाळी वादळात थॉर्नसी गावचंच मासेमारी जहाज वाळूच्या दांड्यावर फुटलं आणि नऊ माणसं बुडाली. बचावाची होडी घेऊन निघालेले तिचे आजोबा सायलस म्हणे भिऊन निम्म्या वाटेतूनच परतले. तेव्हापासून चर्चमध्ये क्रॅगांचा बाक सगळ्यांत मागे. गाव विसरतं कुठे! पण आज वर्षातली सर्वांत मोठी ओहोटी होती. होडीचा नांगर त्या जहाजापाशी सापडला, तर आजोबा तिथवर पोहोचले होते हे सगळ्यांना दाखवता येणार होतं.

पुढे म्हातारा वाटाड्या विल्फ हॅडो काठीने वाळू चाचपत, परतीच्या खुणेसाठी फांद्या रोवत चालला होता. मागून नोरा कमरेला दोर बांधून चिखलावरची लाकडी घसरगाडी ओढत होती.

"थांबू नकोस पोरी. थांबलं की वाळू गिळते."

"तुमचं तोंड तरी कुठे थांबतंय, काका?"

छातीभर पाण्याचा ओढा पार झाला. तीन मैलांवर जहाजाच्या काळ्या फासळ्या दिसल्या, आणि त्यांच्या पलीकडे होडीचा नांगर! नोराने दोन्ही हातांनी चिखल उपसला. नांगराला हातभर डांबरी दोर अजून होता. त्याचं टोक सरळ, कुऱ्हाडीने छाटलेलं.

नोराने त्या टोकावरून बोट फिरवलं. "तुटला नाही हा. तोडलाय."

"माझे वडील त्या होडीत होते," विल्फ म्हणाला. "नांगराला अडकलेली होडी लाटांत उलटत होती. सायलसने दोर तोडला म्हणून आमचे अकरा जण घरी आले. जहाजावरचे नावं घेऊन हाका मारत होते गं. हे त्यांच्या बायकांना कोण सांगणार? सायलस म्हणाला, आपण पोहोचलोच नाही म्हणा, दोष माझ्यावर घेतो."

"आणि तुम्ही गप्प बसलात? माझा बाप त्या बाकावर झुरून मेला, काका."

"शपथ होती. त्या बायकांतली अ‍ॅग्नेस टल अजून आहे."

नोरा उठली. तिने नांगर गाडीवर चढवला आणि ती निघाली.

एवढ्यात भरती लागली. पाणी धावत आलं! ओढ्यात गाडी रुतली. कमरेचा दोर काचला. पाणी गळ्याशी आलं!

"सोड, नोरा!"

तिने सुरी काढली. एकदा मागे पाहिलं. आणि दोर कापला.

धक्क्यावर अ‍ॅग्नेस टल काठी टेकून उभी होती. "मिळालं का काही, भेकडाच्या नाती?"

नोराला रडू आवरेना. तिने ओल्या बाहीने तोंड पुसलं.

"नाही, आजी," ती म्हणाली. "ते तिथवर पोहोचलेच नव्हते."