सात नंबरची चूक

“अगंबाई! माफ करा हं, सदोष माल आलाय तुमच्याकडे,” असं म्हणत तिने त्या तरुणाच्या हातातली खेळण्यातली निळी बस काढून घेतली आणि दुसरी, अगदी निर्दोष बस त्याच्या तळहातावर ठेवली.

तो असा काही ओरडला की कारखान्याच्या दुकानातली सगळी गिऱ्हाइकं दचकली.

“अहो, ती माझी आहे! घरून आणलीय मी!”

“पण हिचा ड्रायव्हर उलटा बसलाय.”

“म्हणूनच तर ती मोलाची आहे!”

ती नऊ वर्षं याच कारखान्यात माल तपासत होती. रंगाचा ओघळ दिसो की तिरकं चाक, गाडी बाद. लग्नासाठी सुचवलेली मुलंही तिने याच नजरेने बाद केली होती. “माणसं आहेत गं ती, खेळण्यातल्या गाड्या नव्हेत,” आई कपाळाला हात लावून म्हणायची.

आणि हा गृहस्थ तर फसलेल्या गाड्याच गोळा करत होता!

“चांगल्या बस निघाल्या चाळीस हजार. त्यांना कोण विचारतो?” तो समजावू लागला. “अशी ही एकच. आणि डब्यातली चिठ्ठी बघा... ‘तपासलं – ७’. बाकीच्या तपासनिसांच्या चुका ढिगाने मिळतात हो. सात नंबरची मात्र ही एवढीच! तीन आठवड्यांनी आमचं प्रदर्शन आहे. ‘चूक खरी आहे’ अशी त्या सात नंबरची सही मिळाली, की पहिलं बक्षीस माझंच.”

तिने पटकन गळ्यातल्या ओळखपत्रावर हात ठेवला. पण त्याने आकडा वाचला होता.

“तुम्ही...?” तो डोळे विस्फारून बघतच राहिला. आजवर तिच्याकडे असं कोणी बघितलं नव्हतं.

ती बस तिला चांगली आठवत होती. चूक कसली! तीन वर्षांपूर्वी हा ड्रायव्हर सरकत्या पट्ट्यावरून आला, तो प्रवाशांशी गप्पा मारायला वळल्यासारखा. तिला इतकं हसू फुटलं की बाद करायला हात धजेना. मुद्दाम सोडली होती तिने.

“आणि समजा, कोणी मुद्दाम केली असेल तर?” तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“छे! मग कवडीची किंमत नाही.”

“विचार करून सांगते. शनिवारी या.”

शनिवारी तो आला. त्याच्या पुढच्या शनिवारीही आला. कॅन्टीनमध्ये चहा व्हायचा, सही व्हायची नाही.

“आज तरी?”

“पेन नाही.”

“हे घ्या.”

“निळी शाई? मी काळ्या शाईनेच करते.”

तो हसला. त्याचं असंच होतं... बोलता बोलता मध्येच हसायचा. शर्टाचं बटण वरच्या काजात, यायला पंधरा मिनिटं उशीर. तिच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. पण सही दिली की हा यायचा थांबणार, आणि खरं सांगितलं तर नक्कीच थांबणार. तिची झोप उडाली.

तिसऱ्या शनिवारी त्याने काळ्या शाईची तीन पेनं टेबलावर मांडली. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन होतं. तिने टोपण काढलं... आणि परत लावलं.

“खोटी सही नाही जमायची मला. ती चूक नाही. हसू आलं म्हणून सोडली मी.” एका दमात तिने सांगून टाकलं. “तुमच्या बसची किंमत गेली. आणि मला फार वाईट वाटतंय. बसचं नाही... तुम्ही आता येणार नाही, याचं.”

त्याने बस हातात घेऊन उलटसुलट फिरवली.

“माझी पहिली गाडी ही,” तो म्हणाला. “दुकानात हिला बघून मी एकटाच खो खो हसलो होतो. लोक वेड्यात काढायला लागले, म्हणून विकत घेतली. तेव्हा काय माहीत, माझ्याआधी तुम्ही हसून घेतलंय!”

“आणि प्रदर्शन?”

“राहू दे. उद्या मोकळा आहे मी. तुम्ही?”

तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“बटण चुकलंय. आजही उशीर. आणि मध्येच हसता.”

“म्हणजे... बाद?”

तिने एप्रनच्या खिशातून एक छापील चिठ्ठी काढली आणि त्याच्या शर्टाच्या खिशात सरकवली. त्याने ती उघडून वाचली. ‘तपासलं – ७’.

“नजरचूक तर नाही ना?” त्याने हळूच विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “मुद्दाम.”