खरवडलेल्या चिपचं नाव

वल्लरीनं भाजलेला पापड उचलला आणि तिच्या हातात नुसता चुरा उरला.

आठवड्यातला हा चौथा पापड. त्याआधी काचेचा पेला गेला होता, आणि शाळेत तिनं मैत्रिणीचा, सायलीचा, हात हातात घेतला तेव्हा सायली कळवळून ओरडली होती. वल्लरी मुद्दाम काहीच करत नव्हती. हाताचा एकही स्क्रू ढिला नव्हता, बॅटरी भरलेली होती, बोटं नीट मिटत-उघडत होती. काहीच बिघडलेलं नसताना हात बिघडला कसा?

वल्लरीचा डावा हात जन्मापासूनच मनगटाच्या अलीकडे संपत होता. पुढचा हात अप्पांनी केलेला होता. अप्पा म्हणजे तिच्या आईचे वडील. नाशिकजवळ अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं लहानसं वर्कशॉप होतं. वल्लरी तीन वर्षांची असताना त्यांनी तिला पहिल्यांदा हा हात बसवला. त्यानंतर दर वाढदिवसाला ते त्याची बाही सैल करायचे, तळव्याचं झाकण उघडायचे, दोन वायरी जोडायचे, संगणकावर काहीतरी टकटक करायचे आणि मग तिच्यासमोर ताटात भाजलेला पापड ठेवायचे. पापड अख्खा उचलला की हात पास.

यंदाच्या, म्हणजे २०५८ सालच्या वाढदिवसाला पापड कुणी ठेवला नाही. त्याच्या तीन आठवडे आधी अप्पा वारले होते.

कृत्रिम अवयव केंद्रातून निरोप आला होता. सोमवारी नवा हात मिळेल; जुना मात्र जमा करावा लागेल, तसा नियम आहे. वल्लरीनं निरोप वाचला आणि डावा हात पाठीमागे लपवला.

"मला हाच हवाय," ती म्हणाली.

आईनं, म्हणजे हेमांगीनं, तिच्या लपवलेल्या हाताकडे पाहिलं. मग तिनं खुंटीवरची वर्कशॉपची किल्ली काढली.

वर्कशॉपमध्ये धुळीचा आणि तेलाचा वास होता. टेबलाला खिळवलेला ठोकळा तेवढा जागा झाला. ठोकळा म्हणजे अप्पांचा मदतनीस यंत्रमानव. त्याला एक डोळा होता, एक हात होता आणि बोलणं अप्पांच्या वळणाचं होतं.

"आलात? दीड महिन्यानं आठवण झाली," तो म्हणाला. मग त्याचा डोळा अप्पांच्या रिकाम्या खुर्चीकडे वळला. "बरं. बोला."

वल्लरीनं पापडाची हकीकत सांगितली.

"हात बिघडलेला नाही, ताई. तुम्ही वाढलात," ठोकळा म्हणाला. "स्नायू आवळला की त्वचेवर विजेची अगदी बारीकशी लहर उठते. हातातला मायक्रोकंट्रोलर (एकाच चिपवर मावणारा छोटा संगणक) ती मोजतो आणि बोटं किती आवळायची ते ठरवतो. तुमचा स्नायू आता तगडा झाला, लहर मोठी झाली. हाताला वाटतं, तुम्ही त्याला ओरडून सांगताय, चेंगर!"

"मग त्याला सांग ना, की मी हळूच बोलतेय."

"त्यासाठी फर्मवेअर (यंत्राच्या पोटात लिहून ठेवलेल्या आज्ञा) बदलायला हवं. अप्पांच्या संगणकात ते होतं, ते लिहायची साधनंही होती. कुठाय तो? रोज घरी न्यायचे ते."

आई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. "भंगारात गेला. तेराव्यानंतर घर आवरलं तेव्हा मीच दिला. बघवत नव्हता."



"मग नवीन लिहू," वल्लरी घाईनं म्हणाली. "तू चुटकीसरशी लिहितोस ना?"

"लिहितो. पण कोणत्या गाभ्यासाठी? अप्पांनी ते मला कधी सांगितलं नाही."

गाभा म्हणजे मायक्रोकंट्रोलरचा हिशेब करणारा मधला भाग. त्याला फक्त आकडे कळतात, आणि प्रत्येक जातीच्या गाभ्याला त्या आकड्यांचा अर्थ वेगळा लागतो. ठोकळ्यानं विचारलं, "नाशिकची बारा नंबरची बस कुठे जाते ते तुम्हाला ठाऊक आहे. कोल्हापुरात बारा नंबर पकडलीत तर?"

"भलतीकडेच जाईन."

"तसंच. आपण लिहिलेल्या आज्ञा कंपायलर नावाचं साधन त्या गाभ्याच्या आकड्यांत उतरवतं. चुकीच्या गाभ्याचा कंपायलर घेतला तर हात भलतीकडेच जाईल. चिपवरचं नाव वाचा."

वल्लरीनं झाकण उघडून भिंग धरलं. चिपचा माथा करडा, खरखरीत होता. त्यावर एकही अक्षर नव्हतं.

"खरवडलंय कुणीतरी!"

"अप्पांनीच," आई म्हणाली. "शेजारचे कारखानेवाले आमचा माल उघडायचे, चिपचं नाव वाचायचे आणि महिन्याभरात तसाच माल काढायचे. म्हणून अप्पा प्रत्येक चिप घासून नाव घालवायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते काम माझ्याकडे. पॉलिश पेपरनं घासायचं, एका चिपमागे एक लिमलेटची गोळी." ती किंचित हसली. "नातीच्या हातातलीसुद्धा घासली. सवय. चोरांपासून लपवता लपवता आपल्यापासूनच लपवलं."

तिचे डोळे भरून आले.

"रडून घ्या, मग वायरी जोडा," ठोकळा म्हणाला. अप्पा अगदी असंच म्हणायचे. आईनं डोळे पुसले आणि चिपच्या कडेच्या दोन ठिपक्यांना दोन वायरी लावल्या. तिचे हात अजून विसरलेले नव्हते. वायरींचं दुसरं टोक डिबगरला (गाभ्याशी थेट बोलणाऱ्या डबीला) जोडलं.

"वरचं नाव कारखान्यानं छापलेलं असतं, ते घासलं की जातं," ठोकळा सांगू लागला. "पण गाभ्याला स्वतःचा ओळखक्रमांक असतो, आत कोरलेला. विचारला की सांगतो. आणि एक लक्षात ठेवा, ताई. पिठाच्या दहा गिरण्यांवर दहा पाट्या असतात, पण आतलं दळायचं जातं एकाच कारखान्याचं असू शकतं. चिपांचंही तसंच. साधन शोधायचं तर पाटी बघायची नाही, जातं बघायचं."

डबीच्या छोट्या पडद्यावर आकड्यांची एक ओळ उमटली. वल्लरीनं ती दोनदा वाचली. एवढं घासूनही आतलं नाव जसंच्या तसं होतं.

गाभा चाळीस वर्षांपूर्वीचा निघाला. चिप बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता, पण तोच गाभा इतर शेकडो चिपांत होता, म्हणून त्याचा कंपायलर कुणी कुणी जपून सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. चिपचा कोणता धातूचा पाय कोणत्या बोटाच्या मोटरला जातो, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते मीटर लावून, एकेक तार चाचपून, कागदावर काढावं लागलं. त्यात शनिवार गेला.

रविवारी दुपारी ठोकळा म्हणाला, "एक अडचण आहे. अप्पांनी आतल्या आज्ञांना कुलूप लावलंय. वाचता येत नाहीत. कुलूप काढता येतं, पण काढताक्षणी आतलं सगळं पुसलं जातं."

"म्हणजे अप्पांनी लिहिलेलं?"

"सगळं."

वल्लरी उठून बाहेर पायरीवर जाऊन बसली. शेजारचे कारखाने बंद होते. तिनं डावा हात मांडीवर ठेवला, बोटं उघडली, मिटली. ही बोटं मिटवणारं अप्पांचंच काहीतरी आत होतं. ते पुसायचं, तर मग हा हात ठेवायचा कशाला? उद्या केंद्रात देऊन टाकलेला काय वाईट?

आई तिच्याशेजारी येऊन बसली. "तू म्हणशील तसं," एवढंच म्हणाली.

बऱ्याच वेळानं वल्लरीनं आत वळून हाक मारली, "ठोकळ्या, अप्पा माझ्या वाढदिवसाला नक्की काय करायचे रे? आधीचं तसंच ठेवून वर लिहायचे?"

"छे. कुलूप त्यांनाही चुकलं नव्हतं. जुनं पुसून पुन्हा लिहायचे. सात वेळा पुसलं. मी बघत होतो."

"पुसताना काही म्हणायचे?"

"दर वेळी एकच. 'पोर वाढली, ठोकळ्या. चल, पुसू.'"

आईनं तोंड दुसरीकडे फिरवलं. वल्लरी आत गेली, टेबलाशी बसली आणि उजव्या हाताच्या बोटानं डबीवरची पुसायची कळ दाबली. दोन सेकंदं लागली. डावा हात अर्धवट उघडा राहिला, निपचित.

मग तिघांनी मिळून लिहायला घेतलं. पहिला पापड मोडला. दुसरा निसटून खाली पडला. बोटं आवळायचा आकडा कमी करून, वाढवून, पुन्हा कमी करून आठवा पापड वल्लरीनं ताटातून उचलला आणि तसाच धरून ठेवला. कुणी टाळी वाजवली नाही. ठोकळ्याचा डोळा रिकाम्या खुर्चीवर जाऊन परत आला. आईनं केंद्राला निरोप पाठवला, उद्या येत नाही.

"कुलूप लावू?" ठोकळ्यानं विचारलं.

"नको," वल्लरी म्हणाली.

झाकण लावण्याआधी तिनं कागदाच्या चिटोऱ्यावर गाभ्याचं नाव लिहिलं, त्याखाली तारीख आणि आजचा आकडा. चिटोरा झाकणाच्या आतून चिकटवणार, तेवढ्यात आईनं तिचा हात धरला.

"जरा मोठा कागद घे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीचा आकडा कुठे लिहिशील?"