नववं मत

काजू फोडून फोडून हौसाक्काच्या बोटांवरच्या रेघा जळून गेल्या होत्या. टरफलातला चीक कुणाची गय करत नाही. त्यामुळे तिच्या पोराच्या, जोतिबाच्या फोनला तिचं बोट कळत नसे. ती आपली त्याच्याशी तोंडानंच बोलायची. आताही तो फोन काजूच्या पाटीशेजारी चार्जिंगला लावलेला होता.

"मी मयूरी गावडे, आजी. निवडणुकीचा कौल घेणाऱ्या कंपनीतनं पडताळणीला आलेय," दारातली मुलगी म्हणाली.

"तुमी आता माणसांस्नी इचारतच न्हाई म्हणं. सावल्यांस्नी इचारता."

मयूरी हसली. विधानसभेचा कौल घ्यायला दारोदार फिरणं केव्हाच बंद झालं होतं. संमती देणाऱ्यांच्या फोनवरच्या बोलण्यातून कंपनीने एकेकाचा छायामतदार घडवला होता. प्रश्न छायेला विचारायचा. ती त्या माणसाच्याच आवाजात, तो देईल तेच उत्तर देई.

"जोतिबा नाईकांची छाया आठ महिन्यांत पार बदललीय. असं झालं की माणूस डोळ्यांनी बघून यायचा नियम आहे. कुठं आहेत ते?"

"कामाला गेलाय."

खोटं बोलताना हौसाक्काची मान कधी खाली गेली नव्हती. आज गेली.

मागच्या ग्रामपंचायतीला उमेदवाराची माणसं नारळ घेऊन आली होती. नारळ पदरात घेऊन घरची मतं किती ते सांगायचं, हा तिचा मान. "नऊ," ती ठसक्यात म्हणाली. तोच चारचौघांत जोतिबा बोलला, "आठ म्हण, आई. माझं धरू नगो."

"मग उद्यापास्नं भाकरीबी आठांचीच थापीन!"

तो त्याच संध्याकाळी गोव्याला गेला. तिने फोन केला नाही. आपण का करावा? वर्षानंतर घाटात ट्रकाने त्याला उडवलं; फोन तेवढा घरी आला. मतदार यादीतून त्याचं नाव कमी करायचा अर्ज सुनेने भरून ठेवला, तो हिने चुलीत घातला.

"त्याचा आवाज काढती व्हय गं ती छाया?"

"कौलाचा प्रश्न विचारला तरच."

"मग इचार की. बघत काय बसलीस?"

मयूरीने आपला टॅब तिच्यासमोर धरला आणि विचारलं, "यंदा मत कुणाला?"

"आई म्हणंल त्याला," जोतिबा म्हणाला. तोच आवाज, कायम सर्दी झाल्यासारखा. "आमच्या घरची नऊ मतं एका जाग्याला पडत्यात. फुटायची न्हाईत."

हौसाक्काचा हात टॅबकडे गेला आणि मध्येच थांबला. आवाज पोराचा होता. बोलणं तिचं होतं, ठसक्यासकट.

"आजी, त्यांचा फोन कोण वापरतं?"

"मीच बोलती त्याच्यासंगं. रोज. रागं भरती, जेवलास का इचारती. मतावरनं का भांडलास म्हणती." ती थांबली. "आठ म्हयने झालं त्याला जाऊन."

मयूरीने टॅब खाली ठेवला. मग ती हळूच म्हणाली, "छाया फोनवरच्या बोलण्यातूनच शिकते, आजी. तुमचं बोलणं ती त्यांचंच समजत गेली."

"म्हंजे मीच पुसला व्हय त्याला?"

हौसाक्काने पदराने तोंड दाबलं. आयुष्यभर घरात कुणी तिचा शब्द खाली पडू दिला नव्हता. एकाने पाडला होता, आणि आता तोही मुकाट्याने रांगेत येऊन उभा राहिला होता.

"ह्यो माझा न्हवं," ती म्हणाली. "माझं ऐकणारा पोरगा मी जल्माला घातलाच न्हवता."

"गेल्याची नोंद केली तर छाया कायमची पुसली जाईल. काय लिहू?"

हौसाक्काने फोन उचलला, जळक्या बोटांनी त्याची काच पुसली. ओठ हलले, पण त्या फोनसमोर बोलायची आता तिला भीती वाटली. तिने तो उशीखाली सरकवला आणि मगच मयूरीच्या कानाशी वाकली.

"लिव्हशील ते लिव्ह. पर त्याच्या आधी, पोरी, त्याला एकडाव 'आठ' म्हणायला शिकवता यील का गं?"