पंच्याण्णवचा स्विच

ग्रेव्हीचं भांडं ऑड्रीच्या कानाजवळून गेलं आणि मागच्या भिंतीवर फुटलं. रविवारचं जेवण नुकतंच टेबलावर आलं होतं, भाजलेलं मटण, बटाटे, वाटाणे सगळं वाफाळत होतं, आणि टेबलाच्या कडेशी तिचा बाप विल्फ टॅपस्कॉट उभा होता... डाव्या हाताला ओला टॉवेल गुंडाळलेला, त्याच्या कडेतून सोललेली लाल कातडी दिसणारी, आणि भांडं फेकलेल्या उजव्या हातात आता गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल.

"कुणी बसवला तो स्विच?"

आवाज चढलेला नव्हता. तो चढला नाही की जास्त भ्यायचं, हे त्या घरातल्या दोन्ही पोरांना पाळण्यापासून ठाऊक.

गाडी म्हणजे एकसष्ट सालची हिरवी सलून मोटार. मोटार-कारखान्यांच्या कॉव्हेंट्री शहरात विल्फच्या वयाच्या निम्म्या माणसांनी उमेदीची वर्षं असल्या गाड्या जोडण्यात घालवली आणि उरलेली त्याच गाड्या पुन्हा जोडण्यात घालवताहेत, त्यात नवल नाही. पण विल्फ तिच्यावर चौदा वर्षं खपला होता. एकच खोड राहिली होती, गर्दीत अडकली की ती तापायची. म्हणून त्याच्या सत्तराव्या वाढदिवसाला, तो डोळ्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात असताना, पोरांनी रेडिएटरपुढे विजेचा पंखा बसवला. पाणी ठरावीक तापलं की पंखा आपोआप लावणारा स्विचही बसवला. ती भेट होती हो... प्रेमाने दिलेली.

आणि आज जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला जाताना, रिंगरोडवर, वाहनांच्या रांगेत पंखा लागलाच नाही. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा लोखंडी ठोकळा, तडकलं. विल्फने रेडिएटरचं झाकण उघडलं आणि उकळतं पाणी त्याच्या हातावर आलं.

"मी विचारलं काहीतरी," विल्फ म्हणाला.

ऑड्रीने समोर पाहिलं. तिचा धाकटा भाऊ नाइजल, सव्वीस वर्षांचा बाप्या, काटा हातात धरून पांढराफटक बसला होता. ती वृद्धाश्रमात ड्युटीवर असताना स्विच त्यानेच आणला होता, त्यानेच बसवला होता. आई गेली तेव्हा तो बारा वर्षांचा होता, आणि ऑड्रीने लेस्टर गावच्या मुलाची साखरपुड्याची अंगठी परत करून त्याला वाढवला होता. सतरा वर्षांचा असताना बापाच्या एका थपडेत त्याच्या कानाचा पडदा फाटला, ती रात्रसुद्धा तिनेच त्याचं डोकं मांडीवर घेऊन काढली होती. तिच्या अंतःकरणात त्या क्षणी विचार असा आलाच नाही. आलं ते फक्त वात्सल्य... आंधळं, वेडं वात्सल्य.

"मी बसवला," ती म्हणाली.

नाइजलचं तोंड उघडलं. तिने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दाबला आणि ते मिटलं.

पहिला घाव टेबलावर पडला, बशा उडाल्या. दुसरा तिने हाताने अडवला. हाड मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला आणि वेदना नंतर कळली. "चौदा वर्षं!" विल्फ म्हणत होता, "चौदा वर्षं माझ्या शेजारी उभी राहून हे शिकलीस, भवाने?" तिसरा घाव कपाटावर बसला. मग त्याने तिला दंडाला धरून दाराबाहेर ढकललं, मागोमाग तिचा कोट फेकला आणि कडी लावली. नाइजल खिडकीशी आला होता. पण बाहेर काही आला नाही.

त्याचा मला आजही राग येतो, आणि तिला कधी आला नाही याचा तर जास्तच.

ऑड्री रग्बी गावी एका खोलीत राहायला गेली. प्लास्टर निघालं, मनगट जरा वाकडं राहिलं. नाइजल दर गुरुवारी फोन करायचा आणि रडायचा. "पुढच्या आठवड्यात सांगतो डॅडला. नक्की सांगतो." ती म्हणायची, "असू दे रे. जेवलास का?" अशी सहा वर्षं गेली. बापाने तिचं नाव घेतलं नाही, नाताळचं साधं कार्डसुद्धा पाठवलं नाही... आणि ती मात्र दर वर्षी पाठवत राहिली.

मग एका शनिवारी सकाळी नाइजलने तिला बोलावलं. दुसरं हेड मिळालं होतं, इंजिन पुन्हा जुळलं होतं, पण विल्फचे हात आता थरथरत होते. "मला एकट्याला त्यांच्याबरोबर जमत नाही गं," नाइजल म्हणाला. ती गेली. न जाईल तर ऑड्री कसली!

गॅरेजच्या दारात तिची सावली पडली तेव्हा विल्फने मान वर केली. केवढा वाळला होता तो... तिचा जीव गलबलला.

"काय गं? आणखी एक इंजिन फोडायला आलीस?"

"मदतीला आले, डॅड."

"मदत. बरं." त्याने बाकावरचे दोन स्विच पुढे सरकवले, पितळेचे, बोटाच्या पेराएवढे. "हा पंच्याण्णव अंशांना लागतो, नव्वदला बंद. हा सत्त्याऐंशीला लागतो, ब्याऐंशीला बंद. सांगा बाईसाहेब, कुठला घेऊ? गेल्या वेळी फार अक्कल पाजळली होतीत."

ऑड्रीने ते उचलून उजेडात धरले, चौदा वर्षांची सवय, आणि विचार न करता बोलून गेली.

"बसवणार कुठे? वरच्या पाइपात की खालच्या टाकीत?"

विल्फने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "खालीच. मागच्यासारखाच."

"मग पंच्याण्णवचा चालायचाच नाही. वरून तापलेलं पाणी खाली येईपर्यंत आठ-दहा अंश गार होतं. खालचा पंच्याण्णवला पोचेस्तोवर वर इंजिन..."

ती थांबली. पण उशीर झाला होता.

"इंजिन उकळतं," विल्फने वाक्य पुरं केलं. "मागचा पंच्याण्णवचाच होता. हे तुला कधीपासून माहीत?"

तिने दोन्ही स्विच बाकावर ठेवले.

"मीच शिकवलंय तुला. त्या बाकावर. आई गेली त्याच साली." त्याची नजर सावकाश नाइजलकडे वळली. "वरच्या पाइपाची उष्णता मोजून खालच्या टाकीत स्विच बसवणारा... तो तर जन्मात कधी या बाकापाशी उभा राहिला नाही."

नाइजल पळाला नाही, एवढं त्याचं मानायला हवं. "मी आणला होता, डॅड," तो म्हणाला. "मीच."

विल्फने हातोडा उचलला. थरथरणारा म्हातारा त्या क्षणी कुठे गेला कोण जाणे. ऑड्रीने दोन्ही हातांनी त्याचा दंड धरला, तो तिला फरफटत घेऊन गेला, हातोडा सुटला आणि गाडीची पुढची काच फुटून सीटवर, जमिनीवर सांडली. "सोड मला," तो ओरडत होता, "पोरीचा हात मोडायला लावला यानं मला... माझ्या हातून..."

"मोडलात तुम्ही!" ती किंचाळली. "त्याने नाही!"

विल्फचा दंड तिच्या हातात एकदम ढिला पडला.

आणि तेव्हा नाइजल रडत म्हणाला, "मी सांगणारच होतो गं, ऑड्री. दर गुरुवारी ठरवायचो..."

त्यावर ऑड्रीचा हात उठला. सहा वर्षं ‘असू दे’ म्हणणाऱ्या ऑड्रीचा. थप्पड अशी बसली की नाइजल मडगार्डवर आदळला आणि त्याचा ओठ फुटला. तिने दुसरी मारली. "सहा नाताळ," ती म्हणत होती, "सहा नाताळ मी एका खोलीत टीव्हीसमोर जेवले, नाइजल. एकटी. आणि तू ठरवत होतास?" तिसरीसाठी हात वर गेला तेव्हा तिचं लक्ष त्या हाताकडे गेलं. कोपर मागे नेण्याची ती ढब, आत दुमडलेला तो अंगठा... हुबेहूब बापाचा हात.

ती जमिनीवर बसली. काचांमध्येच बसली. भावाला ओढून कुशीत घेतलं आणि त्याचा ओठ आपल्या बाहीने पुसू लागली. "माझं चुकलं रे. मारायला नको होतं मी तुला. माझं चुकलं."

त्या घरात मार पुष्कळ झाला होता, पण हे वाक्य कधी झालं नव्हतं. तिथे मारानंतर दार बंद व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी कुणी काही बोलायचं नाही. विल्फ बाकाला टेकून पाहत राहिला. शहात्तर वर्षांच्या आयुष्यात त्याला कुणी दाखवलंच नव्हतं की हे असंही करता येतं... गालावरचे वळ उमटायच्या आत.

तो कण्हत गुडघ्यांवर खाली आला.

"तुझं नाही, पोरी," तो म्हणाला. "माझं."

"काय तुमचं?" तिने डोळे पुसले नाहीत, आणि या वेळी त्याला सोडलंही नाही. "नीट सांगा. त्याच्यासमोर सांगा."

"तुझा हात मोडला, ते चुकलं माझं."

"अजून?"

त्याने नाइजलकडे पाहिलं. "याचा कान."

"अजून?"

विल्फ आठवू लागला. त्यांच्या आईला मारलेलंही त्यात आलं, तेव्हा तिघंही रडले. त्याला वाटलं होतं, दोन-चार वाक्यांत होईल. दुपार कलली तरी त्याचं संपलं नव्हतं, आणि ती दोघं काचांमध्ये बसून एकेक ऐकत होती.