तिसरा भोपळा

तळोद्याच्या बाजारात मी एका भोपळ्याला कान लावून उभी होते आणि बोटाच्या पेराने त्याच्यावर टकटक करत होते, तेव्हा मागून कोणीतरी विचारलं,

"घरमा कोनी शे का?"

मी वळून पाहिलं. जीपच्या बॉनेटला टेकून एक उंच, सावळा तरुण उभा होता. हातात चहाचा ग्लास, आणि चेहरा इतका गंभीर की मला हसावं की चिडावं तेच कळेना.

"नई," मी म्हटलं. "कोनी आवाजच देत नई."

"मंग दुसरं दार वाजाडा."

भोपळेवाली बाई तेवढ्यात खेकसली, "घेवानं नसी तर ठोकू नको, माय." मी निमूट भोपळा खाली ठेवला. त्या बाजारातल्या सगळ्या भोपळ्यांवर माझं टकटकून झालं होतं. एकही बोलला नव्हता.

"कितला मोठा पाहिजे?" त्याने विचारलं. मी दोन्ही हात पसरून दाखवलं.

"मंग वर चला. काठी गावना होळीमा नाचनारा कंबरले तुंबा बांधतस ना, ते देखा. मन्ही जीप तठेच जाई ऱ्हायनी." मग म्हणाला, "पुढली सीट... रिकामी शे."

त्याचं नाव हेमराज. घर तळोद्याजवळच्या एका खेड्यात, शेती मोठ्या भावाकडे, आणि हा दिवसभर डोंगरातल्या गावांना जीप नेणारा. मी चेतना, नंदुरबारजवळच्या कोरीटची. बसले पुढच्या सीटवर.

माझ्या बोलण्याची ख्याती आमच्या गावात आहे. आई म्हणते, चेतनाला 'कशी शे?' एवढंसुद्धा विचारू नये, ती जन्मापासून सांगायला घेते. घाट लागायच्या आत मी हेमराजला सगळं सांगून टाकलं. की मी पुण्यात संगीत शिकले. की तिथे एका जुन्या वाद्याच्या नादी लागले, त्याचं नाव किन्नरी. सात-आठशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथांत तिचं वर्णन आहे, देवळांच्या खांबांवर ती कोरलेली आहे, पण वाजवणारं कोणी उरलेलं नाही. बांबूचा दांडा, त्यावर मेणाने बसवलेले पडदे, तारा, आणि खाली तीन भोपळे. नंदुरबारचे अनीसचाचा, पाळण्याचे आणि बाजेचे पाय कातणारे, त्यांनी मला दांडा करून दिला होता. दोन भोपळे मिळाले होते. तिसरा, मधला, मोठा, तोच मिळत नव्हता. आणि गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी नंदुरबारला एका शाळेच्या हॉलमध्ये माझा कार्यक्रम ठरला होता.

आईची अटही सांगितली. आईचं नाव निर्मलाबाई, आणि तिची अट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "एक कार्यक्रम कर. लोके शेवटपावत बसनात तर ऱ्हाय आठे, वाजाड तुन्ही किन्नरी. उठी गयात तर नाशिकनी नोकरी धर." नाशिकच्या शाळेत मला गाणं शिकवायला बोलावलं होतं. वाईट नव्हती नोकरी. पण त्या शाळेला सिंथेसायझर वाजवणारी बाई हवी होती, आणि मला... मला ते मेलेलं वाद्य एकदा तरी लोकांसमोर जिवंत करायचं होतं.

हेमराज सगळ्याला "हां", "हां" म्हणत होता. पळस फुलला होता, घाटात मोहाच्या फुलांचा गोड वास येत होता, आणि तो रस्त्याकडे कमी आणि आरशाकडे जास्त बघत होता. मागून गाडी येते आहे का ते बघत असेल, असं मला वाटलं. रस्ता तर रिकामा होता.

काठीला बाज्या नावाच्या म्हाताऱ्या नाचणाऱ्याने चुलीवरच्या माळ्यातून तुंबा, वाळवून पोकळ केलेला भोपळा, काढला. मी टकटक केलं... आणि आतून कोणीतरी बोललं. खोल, गोल, लांबत जाणारा आवाज. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"होळी झाल्यावर ने," बाज्या म्हणाला. "आदी तो नाचंल. मंग वाजव. आन आमाले बी ऐकव."

"होळीनंतर मी लई येसू," हेमराजने तुंबा आणायचं कबूल केलं. मी विश्वास ठेवला. न ठेवून करते काय?

होळी झाली. धुळवड झाली. एक दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. मी फोन केला की म्हणायचा, "थोडं काम शे त्यावर. तुमन्याकरताच करी ऱ्हायनू." आणि मग एका दुपारी तो अनीसचाचांच्या दुकानात आला. पांढरा शर्ट, भांग पाडलेला, आणि कडेवर बाळ घ्यावं तसा तुंबा.

मी टकटक केलं. भद्द.

परत केलं. भद्द.

अनीसचाचांनी अंगठ्याने दाबून पाहिलं. "बेटी, हाई तर भिजेल पापड शे."

"पानीमा ठेवा व्हता," हेमराज अभिमानाने म्हणाला. "रोज पानी बदलाडं. कडूपना काढाले."

"कडूपना? कसाले?"

"वरन्या बाया नवा तुंबा असाच भिजाडतस, मंग त्यामा पानी भरतस. मी म्हनं... तुम्ही पावरीनामायक फुकशात ना? तुमना तोंडले कडू लागी म्हनीसन..."

पावरी म्हणजे डोंगरातलं वाद्य, भोपळ्याला शिंग जोडून केलेलं. तोंडाने फुंकतात.

"अहो, तारानं वाद्य शे ते!" मी ओरडले. "तळोद्यापासून काठीपर्यंत मी काय रामायण सांगत होते? तारा, पडदे, मेण... आयकं नई तुम्ही?"

त्याचे कान लाल झाले. "आवाज आयका," तो हळूच म्हणाला. "शब्द... नई आयकात."

अनीसचाचांना एकदम खोकला आला. मला मात्र राग आवरेना. पाडवा दहा दिवसांवर आला होता आणि माझी किन्नरी भिजलेल्या पापडावर उभी होती. मी तिथेच रडले, आणि रडताना त्याला बरंच काही बोलले. त्याने तुंबा उचलला आणि म्हणाला, "वाळाडी लई येसू. नई वाळना तर तोंड दाखाडाव नई."

संध्याकाळी चुलीपुढे बसले असताना ते वाक्य मला परत ऐकू आलं. आवाज आयका. शब्द नई आयकात. आई म्हणाली, "चेतना, भाकर बळी ऱ्हायनी." जळू दे म्हटलं... म्हणजे मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून बातम्या यायला लागल्या. तळोद्याच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर भोपळा बसलेला असतो. पट्टा लावून. माणसं मागे कोंबलेली, पण पुढे कोणाला बसू देत नाही. घाटातली गरम वाऱ्याची झुळूक त्याच्यावर यावी म्हणून काच उघडी ठेवतो, आणि आत चुलीची कोमट राख भरतो. एक म्हातारी म्हणे रागावून विचारत होती, "हाई तुन्ही नवरी शे का?" हेमराज म्हणाला होता, "नई आजी, नवरीनं सामान शे." हे मला सांगणारी आमची शेजारीण खूप हसत होती. मी हसले नाही. आत जाऊन हसले.

रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा.

"आयका." टकटक.

"भद्द," मी म्हणायचे, आणि फोन ठेवायचे. मग फोन ठेवायला उशीर व्हायला लागला.

"आज कसा वाटस?"

"कालच्यापेक्षा बरा. पण तुमच्या इथे कसली घरघर आहे?"

"हॉटेलना पंखा शे. थांबा, बंद करस." खटका वाजला, कोणीतरी गरमीने वैतागून शिवी दिली. "आते आयका. पंखा चालू ऱ्हायना की मले बी त्यानं बोलनं समजत नई."

"तुम्हाला कधीपासून सूर समजायला लागले?"

"सूर नई समजत. पन तो आज कालनापेक्षा बरा शे का नई, ते समजस." मग म्हणाला, "तुम्ही बी आज कालनापेक्षा बऱ्या शेतस. राग कमी शे."

पाडव्याला दोन दिवस राहिले असताना फोनवर तो आवाज आला. खोल, गोल, पण पूर्वीपेक्षा थोडा मऊ. तो लगेच तुंबा घेऊन दुकानात आला. बारीक चीर गेली होती, ती अनीसचाचांनी लाखेने भरली. "आवाज आया, बेटी," ते म्हणाले. आम्ही किन्नरीला तिसरा भोपळा बांधला.

कार्यक्रम संध्याकाळी पाचला. फाल्गुन सरतानाची पाचची वेळ म्हणजे आमच्याकडे भट्टी. हॉल बऱ्यापैकी भरला होता. माझे वडील लोटनराव पहिल्या रांगेत, शेजारी आई, मागे बाज्या, डोक्याला नवा रुमाल बांधून आलेला. मी वाजवायला लागले.

आणि काहीच झालं नाही. किन्नरीचा आवाज मुळात हळू. तो जुन्या देवळाच्या शांततेतला आवाज, आणि इथे छताला खडखडणारे पंखे. माइक लावला तर नुसती घोंघों. लोक चुळबुळ करायला लागले. "काई वाजी ऱ्हायनं का?" कोणीतरी विचारलं. एक माणूस चप्पल शोधायला लागला. आईने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली. तिला जिंकायचं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. नाशिक, मी मनात म्हटलं. सिंथेसायझर.

तेवढ्यात खटका वाजला. मग दुसरा. मग सगळेच.

पंखे हळूहळू थांबले. भिंतीजवळच्या बटणांपाशी हेमराज उभा होता, पांढऱ्या शर्टात, घामाघूम.

"अरे, मरूत ना गरमीमा!" कोणीतरी म्हणालं.

"थोडा येळ मरा," तो म्हणाला. "आनि आयका."

मी तार छेडली. तिसऱ्या भोपळ्यातून आवाज निघाला आणि हॉलभर पसरला, भिंतीपर्यंत जाऊन परत आला. चप्पल शोधणारा माणूस एक चप्पल हातात घेऊन तसाच बसला. मागच्या लोकांनी खुर्च्या पुढे ओढल्या. बाज्याचा पाय जमिनीवर अगदी हळू ताल धरायला लागला. मी वाजवत गेले. सगळ्यांची कपाळं निथळत होती, वडील टोपीने वारा घेत होते, आणि शेवटच्या सुरापर्यंत एक माणूस जागचा हलला नाही.

आई पदराने तोंड पुसत माझ्याजवळ आली. "कोनीच उठनं नई," ती म्हणाली. "मी बी नई." मग बटणांपाशी उभ्या असलेल्या त्या घामाघूम मुलाकडे तिने चांगलं वरून खालपर्यंत पाहिलं. "नाशिकवालासले फोन करी दे, येत नई म्हनीसन. आनि त्या पोऱ्याले पानी दे कोनीतरी."

कोणीतरी म्हणजे मीच. पाण्याचा तांब्या घेऊन गेले. तो प्यायला, तांब्या परत दिला, आणि माझ्यामागोमाग किन्नरीपाशी येऊन उकिडवा बसला. मी खोळ घालत होते. मग त्याने हात पुढे केला आणि तिसऱ्या भोपळ्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं.

"घरमा... कोनी शे का?"

या वेळी चेहरा गंभीर नव्हता. घाबरलेला होता.

"शे," मी म्हटलं. "ये ना घरमा."

तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मग इतका हसला, की या वेळी त्याने शब्दसुद्धा ऐकलेत याची माझी खात्री पटली.