गजऱ्याची गाठ

सांता क्लारातल्या माझ्या मित्राच्या, श्रीरंगच्या घरात, डायनिंग टेबलाला लावलेल्या छोट्या व्हाइसच्या चिमट्यात मी गळ पकडला आणि दोरा गुंडाळायला लागलो. वेट फ्लाय म्हणजे पाण्यात बुडालेल्या किड्याची नक्कल. पोटाला दोरा, गळ्याशी तितराचं मऊ पीस, शेवटी गाठ; ट्राउट मासा फसतो. मला हे श्रीरंगने शिकवलं. किड्याच्या पोटावरची वळी दाखवायला तो त्याच्या बायकोचा, शैलावहिनींचा काळाभोर केस गुंडाळायचा आणि शेवटी, त्यांच्याकडूनच शिकलेली, गजऱ्याची गाठ मारायचा. "माशांना गजरे घालतोस होय रे?" म्हणून मी त्याला चिडवायचो.

दोन वर्षांपूर्वी तो ट्रकी नदीत वाहून गेला. सापडलाच नाही. वहिनी वाट बघत राहिल्या, केस पांढरेशुभ्र झाले. आता कुठे त्या घर विकून नागपूरला बहिणीकडे जायला तयार झाल्या होत्या. सोमवारी सह्या होत्या. त्याआधी त्याच्या पद्धतीची एक फ्लाय नदीत सोडायची, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"भाऊजी, माझे पांढरे केस चालतील?"

"नको," मी म्हणालो. मला कसंतरीच झालं. मी काळा दोरा वापरला. गजऱ्याची गाठ मला येत नाही, म्हणून साधीच मारली.

दुपारी ट्रकीच्या काठावर मी रॉड वहिनींच्या हातात दिला. फ्लाय बुडाली आणि लगेच दोरी ताणली गेली. ट्राउट बाहेर काढला तर जबड्यात माझी फ्लाय होती. तिच्या शेजारी आणखी एक रुतलेली होती.

मी ती सोडवली. तिला गजऱ्याची गाठ होती.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो; कारण सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. "जुनी असेल," मी म्हणालो. "मासा घेऊन फिरत असेल."

"दोन वर्षं?"

गळावर गंजाचा ठिपकाही नव्हता. पोटावर गुंडाळलेला केस पांढरा होता.

मला तिथून पळून जावंसं वाटलं.

वहिनींनी हळूच अंबाडा सोडला. मानेजवळची एक बट बोटभरच उरली होती. टोकं सरळ, कात्रीने कापल्यासारखी.

"हे कधी कापलंत?"

"मी नाही कापले."

गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊजी, सोमवारचं कॅन्सल करा."

अंबाडा त्यांनी पुन्हा घातला नाही. घरी येईपर्यंत केस मोकळेच ठेवले, सीटच्या पाठीवरून मागे सोडून. मी आरशात बघितलं नाही.